मागचा डावा पाय

घोडा लंगडतोय की नाही हे ओळखायला तौनो केत्तुनेन डोळे मिटायचा. बाकीचे लोक वाकून खूर चाचपायचे, गुडघे दाबून बघायचे, आपसात वाद घालायचे. हा मात्र कुंपणाला टेकून, डोळे मिटून उभा. घोडा समोरून दुडकत गेला की खडीवरच्या टापांचा आवाज ऐकून सांगायचा, "पुढचा उजवा. आठवडाभर जुंपू नका." मग पशुवैद्य यायचा, तासभर तपासायचा आणि तेच सांगून जायचा.

हिर्विलाम्पी गावात तौनोच्या कानाबद्दल दोन मतं नव्हती. चाळीस वर्षांत तो एकदाच चुकला, असं गाव म्हणे. ती एक चूक कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याच्यासमोर ती कुणी काढत नसे. आमचं गाव तसं भोचक आहे, पण काही गोष्टींना हात लावायचा नाही एवढी अक्कल त्याला आहे.

आता तौनो त्र्याहत्तर वर्षांचा होता. घोड्यामागे हलकी गाडी जोडून धावायच्या दुडकीच्या शर्यती बंद पडल्या, घोडे विकले गेले, तबेल्यात लाकडं आणि बर्फ काढायचं यंत्र आलं. शर्यतीचं गोल मैदान तेवढं उरलं होतं. त्यावर गवत माजायला लागलं आणि एका वसंतात गावातल्या पोरी काठीचे घोडे घेऊन तिथे आल्या.

सुरुवातीला लोक हसले. कापडाचं डोकं, लोकरीची आयाळ, चामड्याचा लगाम आणि खाली हातभर काठी. ती दोन पायांत धरायची आणि मीटरभर उंचीच्या आडव्या दांड्यांवरून उड्या मारत जायचं. कंबरेच्या वर स्वार, कंबरेखाली घोडा, हा खेळाचा पहिला धडा. वरच्या अंगाने ऐटीत बसायचं आणि त्याच वेळी खालच्या अंगाने जीव तोडून पळायचं. हसणाऱ्यांतल्या एका ट्रकवाल्याने एकदा पैजेवर पहिली दांडी ओलांडायला घेतली. त्याला दोघांनी धरून घरी नेलं, आणि त्यानंतर गावाचं हसणं बरंच कमी झालं.

तौनोची नात एन्नी त्यांत सगळ्यांत सरस. सतरा वर्षांची, आईसोबत शेजारच्याच घरात राहणारी, आजोबांसारखीच हट्टी. तिचा घोडा तुइस्कू. तांबूस अंग, पांढुरकी आयाळ, पाच वर्षांचा. शिवताना एन्नीने त्याचा डावा कान तीनदा उसवला होता, कारण तो "रागावल्यासारखा दिसत होता". तुइस्कू काठी आहे असं कुणी म्हटलं तर ती दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे.

त्या ऑगस्टच्या शनिवारी सकाळी राइली कोक्कोनेन दार न वाजवता तौनोच्या स्वयंपाकघरात शिरली. बाईने तीस वर्षं गावात टपाल वाटलं. त्यामुळे दार वाजवायची सवय तिला कधी लागलीच नाही. निवृत्तीनंतर काठीच्या घोड्यांचं मंडळ तीच चालवायची.

"कॉफी ओत," ती म्हणाली.

"ओतलीच आहे. कुणाचं पत्र आलंय?"

"पत्र नाही, संकट आलंय. आज आपल्याकडे निवड स्पर्धा आणि शहरातून येणारी परीक्षक बाई रस्त्यात आडव्या आलेल्या मूस हरणाला धडकली. बाई ठणठणीत आहे. गाडीचा चेंदामेंदा."

"आणि मूस?"

"तो उठून जंगलात गेला. त्याला विचारता आलं नाही, म्हणून तुझ्याकडे आले."

तौनोने वेलचीच्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. "मी खऱ्या घोड्यांचा माणूस आहे, राइली."

"खरे घोडे गेले. तू उरलायस. आणि दांडी पडली की नाही पडली एवढंच बघायचंय. तुझी नात त्यात आहे म्हणून कुणी बोट दाखवणार नाही. दांडी कुणाची नातेवाईक नसते."

"नियमांचं पुस्तक आण."

"म्हणजे येतोयस?"

"पुस्तक आण म्हटलं. नियम वाचल्याशिवाय मी कुंपणाच्या आत पाय टाकत नाही."

पुस्तक राइलीच्या पिशवीतच होतं. ती तयारीनेच आली होती. तौनो उठला तेव्हा त्याने आधी टेबलाची कड धरली आणि मग सरळ झाला. राइलीने ते पाहिलं.

"तो गुडघा डॉक्टरला दाखवणार आहेस का कधी?"

"जुनं लाकूड करकरतंच. त्यात दाखवायचं काय?"

नियमांची वही अकरा पानांची. मंडळ सुरू झालं तेव्हा पोरींनी खऱ्या घोडेस्वारीची नियमावली समोर ठेवली आणि पहिल्या पानावर आपला पहिला धडा लिहून बाकी ती शब्दन् शब्द उतरवून काढली होती. नालांवर अख्खं पान होतं. घोड्याला शर्यतीआधी कधी पाणी पाजू नये, तेही होतं. तेविसावा नियम असा होता: लंगडणारा घोडा परीक्षकाने तत्काळ बाद करावा. या निर्णयावर दाद मागता येणार नाही. असा घोडा पुन्हा उतरवण्याआधी त्याच परीक्षकासमोर चालवून दाखवावा. सहा वर्षांत हा नियम कुणी वापरला नव्हता. कापडाचा घोडा लंगडणार तरी कसा, म्हणून तो खोडायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

तौनोने सगळी पानं वाचली आणि मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला हा खेळ शहाण्यासारखा वाटला.

मैदानावर परीक्षकाचा जुना लाकडी मनोरा होता. सतरा पायऱ्या. तौनो कठडा धरून चढला आणि वर पोचल्यावर, कुणी विचारलं नसताना, "पायऱ्या वाकड्या झाल्यात," असं म्हणाला. वर टेबल, पितळी घंटा आणि ध्वनिक्षेपक. टेबलावर चौदा घोड्यांची पारपत्रं रचून ठेवलेली. प्रत्येकात घोड्याचं नाव, जात, रंग, लसी आणि आईबाप. तो एकेक उघडून बघू लागला. नवव्या क्रमांकाच्या पारपत्रात एन्नीच्या अक्षरात लिहिलं होतं: तुइस्कू. आई: पिल्वी.

तौनो त्या नावाकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने पारपत्र मिटून नवव्या जागी नीट ठेवलं.

आज जिंकणारी मुलगी सप्टेंबरात देशाच्या स्पर्धेला जाणार होती. एन्नीचं हे कुमार गटातलं शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी एका दांडीने तिची संधी गेली होती. ती दांडी पडताना कसा आवाज झाला हे ती वर्षभर जेवताना, सौनाच्या वाफेत, गाडीत, कुठेही सांगायची. हिवाळाभर बर्फात पळाली होती पोरगी. तौनोला हे सगळं ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात त्याच्या फ्रीझरमधली गोठवलेल्या ब्लूबेरींची मोठी पिशवी गायब झाली तेव्हा एन्नी म्हणाली होती, "जिंकल्यावर केक करायचाय." त्याने ते खरं मानलं.

स्पर्धा सुरू झाली आणि तिसऱ्या घोड्यापर्यंत तौनो पुरता रंगला. फक्त दांड्या मोजायच्या होत्या, पण त्याला राहवेना. "क्रमांक तीन, उतरताना लगाम ओढू नकोस, त्याचं तोंड दुखतं," असं तो ध्वनिक्षेपकातून म्हणाला. खाली सॉसेज भाजणारे बाप हसले. क्रमांक तीन मात्र हसली नाही. तिने लगाम सैल सोडला आणि पुढची दांडी स्वच्छ ओलांडली.

मग एन्नी आली. पाठ ताठ, हनुवटी वर. आठही दांड्या जागच्या जागी राहिल्या आणि टाळ्या पडल्या. तौनोनेही टाळी वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. शेवटच्या वळणावर त्याने सवयीने डोळे मिटले होते.

खडीवर पावलं पडत होती. ठप, ठप, ठप, ठप. त्यात एक हलकं होतं. डावं पाऊल जमिनीला लागत होतं, पण टेकत नव्हतं.

हा आवाज त्याने याच खडीवर ऐकला होता. सदतीस उन्हाळ्यांपूर्वी. त्या दिवशी चार हजार माणसं कुंपणाला चिकटून उभी होती आणि पिल्वी त्या प्रांतातली सर्वांत वेगवान घोडी होती. तांबूस, पांढुरक्या आयाळीची. शर्यतीआधी तिला फिरवताना गाडीवर बसल्याबसल्या त्याला तो हलका पडणारा पाय ऐकू आला. मागचा डावा. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शर्यत एकाच फेरीची होती, सगळं गाव त्याच्या नावाने ओरडत होतं आणि तौनो मूग गिळून बसला. तिसऱ्या वळणावर हाड गेलं. तिथेच, गवतात, तिला संपवावं लागलं.

नंतर लोकांनीच त्याची समजूत घातली. गाडीत बसलेल्या माणसाला टापा नीट ऐकू येत नाहीत, म्हणाले. एवढा मोठा कान, पण एकदा चुकला बिचारा. तौनोने कुणाला दुरुस्त केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्याने सदतीस वर्षं उघडली नाही.

दोन फेऱ्या झाल्या. दोघी बरोबरीत राहिल्या, एन्नी आणि शेजारगावची हेल्मी. निकाल लावायला आणखी एक फेरी, दहा मिनिटांनी. दांड्या दहा सेंटीमीटर वर जाणार होत्या.

तौनो सतरा पायऱ्या उतरला. एन्नी तबेल्यामागे उलट्या बादलीवर बसली होती, डावा बूट काढून. त्याला बघताच तिने पाय बुटात कोंबला. बादलीशेजारी नुकतीच पायावरून सरकवलेली ब्लूबेरींची पिशवी होती, निम्मी वितळलेली.

"केक लवकर सुरू केलास," तो म्हणाला.

"आजोबा, वर जा ना. परीक्षक खाली आला की लोक बोलतात."

"तुइस्कूचा मागचा डावा दुखतोय."

"काहीतरीच काय! तुइस्कू काठी आहे."

एवढं बोलून ती स्वतःच थांबली. जन्मात पहिल्यांदा तिने त्याला काठी म्हटलं होतं. तौनोला याहून जास्त पुरावा नको होता.

"किती दिवसांपासून?"

"तीन आठवडे. पण रोज नाही दुखत. आज तर काहीच नाही. आजोबा, एकच फेरी. एक मिनिट वीस सेकंद. मग मी महिनाभर खाटेवर पडून राहीन, तू म्हणशील ते करीन."

"आणि सप्टेंबरात?"

"ते सप्टेंबरात बघू."

"नळीच्या हाडावर बोट ठेवून दाबलं तर ओरडशील का?"

एन्नीने पाय मागे ओढला. तिचे डोळे भरले, पण आवाज पक्का होता. "तू तोंड उघडलंस तर मी तुझ्याशी परत कधीही बोलणार नाही. हे मी रागात नाही बोलत. आत्ता, विचार करून सांगतेय."

"कळलं," तौनो म्हणाला आणि परत निघाला.

या खेपेला सतरा पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. वाटेत त्याने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. पोरगी जिंकेल आणि पाय टिकेल, असंही होऊ शकत होतं. पिल्वीच्या वेळीही तसं होऊ शकलं असतं. नात एकच होती आणि तिने दिलेला शब्द ती पाळते हे त्याला माहीत होतं, कारण ते तिने त्याच्याकडूनच घेतलं होतं.

एन्नी मैदानात आली. तुइस्कूची मान उंच, आयाळ विंचरलेली. तिने मनोऱ्याकडे पाहिलं नाही. सुरुवातीच्या रेषेवर ती थांबली आणि तौनोने घंटा वाजवली. सुरू करायला एक ठोका असतो. त्याने तीन दिले.

"क्रमांक नऊ, तुइस्कू," त्याचा आवाज मैदानभर गेला. "मागचा डावा पाय लंगडतोय. बाद."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सॉसेजच्या शेगडीजवळून हशा सुरू झाला आणि कुंपणाकुंपणाने पसरला. राइली धापा टाकत मनोऱ्याखाली आली.

"तौनो! हे काय? थट्टा करायची ही वेळ आहे का?"

"थट्टा कोण करतंय? नियम तेवीस."

"अरे, कापडाचा घोडा आहे तो!"

"कंबरेखाली घोडा, असं तुझ्याच वहीत पहिल्या पानावर लिहिलंय. मी कंबरेखालचं बोलतोय."

"मग मागचा डावा कुठला?" शेगडीजवळचा तो ट्रकवाला ओरडला. "पोरीला दोनच पाय आहेत!"

"ते दोन्ही मागचे. पुढचे दोन कल्पनेतले आहेत, आणि ते ठणठणीत आहेत."

हशा आणखी वाढला. "दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात," ट्रकवाला शेजाऱ्याला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "हा तर रिकामा पेला फुंकतोय!"

एन्नी मैदानाच्या मधोमध उभी होती. चेहरा पांढराफटक. तुइस्कूला तिने छातीशी धरलं होतं.

"खरी घोडी होती तेव्हा ऐकू आलं नाही तुला!" ती ओरडली. "पिल्वीचं ऐकू आलं नाही, आणि आता माझं ऐकू येतंय!"

हशा थांबला. सदतीस वर्षांत हे नाव या मैदानावर कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. राइलीने तोंडावर हात ठेवला. ट्रकवाला उगाच सॉसेज उलटत राहिला.

तौनोने ध्वनिक्षेपक बंद केला नाही.

"आलं होतं," तो म्हणाला.

त्याने ध्वनिक्षेपक आणखी जवळ ओढला.

"तिचंही ऐकू आलं होतं. शर्यतीआधीच. मागचा डावा, असाच. मी चुकलो असं तुम्ही म्हणता, ते चुकीचं आहे. माझा कान चुकला नव्हता. मी गप्प बसलो. एकच फेरी आहे, म्हटलं. तुम्ही सगळे ओरडत होतात आणि मला ते आवडत होतं." त्याने श्वास घेतला. "आज गप्प बसणार नाही. क्रमांक नऊ बाद. दाद मागता येणार नाही."

एन्नी वळली आणि चालू लागली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने लपवलं नाही. चारशे लोकांनी ते पाहिलं. डावा पाय ती पुरता टेकवत नव्हती. कुंपणापाशी पोचेपर्यंत ती उघड उघड लंगडत होती. ट्रकवाल्याने चिमटा खाली ठेवला, धावत जाऊन तिला खांदा दिला आणि पुढे दिवसभर तो कुणाशी काही बोलला नाही.

हेल्मीला नुसतं विजेती म्हणवून घ्यायचं नव्हतं. ती एकटीच ती उंच फेरी धावली. एकही दांडी पडली नाही.

तौनोने गाडीतून आरोग्यकेंद्रात नेलं तेव्हा एन्नी मागच्या सीटवर बसली. तुइस्कू मांडीवर, नजर खिडकीबाहेर. चाळीस किलोमीटर दोघांत एक शब्द नाही. नळीच्या हाडाला तडा गेला होता. डॉक्टर पोरगेलीशी होती. तिने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सांगितलं, अजून एक जोराची उडी, की हाडाचे दोन तुकडे झाले असते. मग तिने विचारलं, आणलं कुणी वेळेवर? एन्नीने बोटाने दाखवलं. बोलली मात्र नाही.

तिने शब्द पाळला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. एन्नीची आई कारखान्यातून पाळी करून येताना तौनोकडे डोकावायची. "अजून रागावलीय," म्हणायची. तौनो म्हणायचा, "रागावू दे. हाड जुळतंय ना?" तो कॉफी मात्र रोज दोघांची ओतायचा आणि दुसरा कप गार झाला की सिंकमध्ये उलटायचा. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं. पण केलं ते चुकलं असं एकदाही वाटलं नाही. रात्री झोप नीट लागत होती. सदतीस वर्षांत अशी लागली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, पायऱ्यांवर कुबड्या वाजल्या. दार ढकलून एन्नी आत आली. पाठीला तुइस्कू बांधलेला. तिने पारपत्र टेबलावर आपटलं.

"तुइस्कूची रजा लिही. परीक्षकाची सही लागते, नियम तेवीसखाली."

तौनोने चष्मा लावला, लिहिलं, सही केली. तिने पारपत्र परत घेतलं.

"अजून एक," ती म्हणाली. "घोडा नुसता तबेल्यात बांधून ठेवला की त्याचं पोट बिघडतं. कोण म्हणतं हे?"

"मी म्हणतो."

"मग त्याला रोज फिरवायला हवं. मला दीड महिना बंदी आहे."

तौनोने चष्मा काढला. "कुणी फिरवायचं?"

"लंगडा कुणी ठरवला त्याला?"

असा तो पेच. तौनो केत्तुनेन आयुष्यात कधी काठी पायांत धरून पळाला नव्हता. अगदी पाच वर्षांचा असतानाही नाही, कारण तेव्हा दारात खरा घोडा होता. त्याने कॉफी संपवली, रबरी बूट चढवले आणि म्हणाला, "चल."

मैदानावर त्या वेळी कुणी नव्हतं. एन्नी कुंपणाजवळच्या बाकावर बसली, कुबड्या शेजारी ठेवून. तौनोने तुइस्कूला दोन पायांत घेतलं, लगाम धरला आणि निघाला.

"पाठ सरळ, आजोबा! तू वर माणूस आहेस, खाली घोडा. आत्ता दोन्हीकडे बटाट्याचं पोतं आहेस."

"तोंड सांभाळ. मी राजमान्य शर्यती जिंकलोय."

"बसून जिंकलायस. गुडघे उचल!"

पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीत त्याला ताल सापडला. लगामात तुइस्कूची मान हलत होती, पांढुरकी आयाळ वाऱ्यावर होती आणि तिसरं वळण आलं तेव्हा तौनोने वेग कमी केला नाही. गवतातली ती जागा डाव्या हाताला मागे पडली. राइली सायकलवरून चालली होती. ती उतरली आणि कुंपणाला टेकून बघत राहिली.

"तौनो, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? घोडा फिरवतोय," तो न थांबता म्हणाला.

बाकासमोरच्या सरळ पट्ट्यावर खडी चांगली घट्ट होती. तिथे तो ऐटीत दुडकत आला आणि शाबासकी मिळेल म्हणून त्याने एन्नीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने डोळे मिटले होते. मान थोडी तिरकी, ओठ घट्ट. ही ऐकायची तऱ्हा कुणाची ते राइलीला लगेच कळलं. तौनोला कळायला आणखी चार पावलं लागली.

"थांब," एन्नी म्हणाली, डोळे न उघडता. "परत जा आणि परत ये. सरळ रेषेत."

तो गेला आणि आला. खडीवर त्याची पावलं वाजली. मग तिने डोळे उघडले.

"मागचा उजवा," ती म्हणाली. "गुडघा. आणि हे काही आजचं नाही."

"खडी उंचसखल आहे," तौनो म्हणाला.

"बाद."

त्याने तोंड उघडलं. राइलीकडे पाहिलं. राइलीने सायकलच्या घंटीवर बोट ठेवलं आणि ती तीनदा वाजवली.

तौनोने तुइस्कूला पायांतून काढलं, त्याची आयाळ सारखी केली आणि उजवा पाय आखडत बाकावर एन्नीच्या शेजारी येऊन बसला.

"कधी जायचं डॉक्टरकडे?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी. मी येते बरोबर," एन्नी म्हणाली, आणि या खेपेला पुढच्या सीटवर बसणार असल्याचंही तिने सांगून टाकलं.